शहराचा जमाखर्च आणि आपण सभासद



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. तो म्हणजे आपल्या तालुक्याच्या शहराचा जमाखर्च. ऊस विकास अधिकाऱ्याने नगरपालिकेत कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. पण डोकवावे लागले ते आमच्याच घरापायी. म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

आमच्या वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात दोन खोल्यांचे घर घेतले होते. आता तिथे भाडेकरू राहतात. गेल्या पावसाळ्यात त्या घरापुढची गटार तुंबली आणि घाण पाणी उंबऱ्याला लागले. आम्ही तावातावाने नगरपालिकेत गेलो आणि चार लोकांदेखत आवाज चढवून बोललो. टेबलावरच्या कारकुनाने शांतपणे घर क्रमांक विचारला, नोंद पाहिली आणि म्हणाला, “साहेब, गटार उद्या सकाळी काढून देतो. पण तुमची तीन वर्षांची घरपट्टी बाकी आहे.”

आमचे तोंड बंद झाले. बिले येत होती, भाडेकरू ती जपून ठेवत होता आणि आम्ही ‘मार्चमध्ये बघू’ म्हणत होतो. खताचा हप्ता चुकला की सभासदाला बोल लावणारे आम्ही, आणि आमचाच हप्ता तीन वर्षे चुकलेला! बरे, थकलेल्या घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती बसते. म्हणजे वर्षाला २४ टक्के. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर आपल्याला व्याज पडत नाही, म्हणून सोसायटीची तारीख आपण देवाच्या वारासारखी पाळतो. शहरातल्या घराची तारीख मात्र आठवत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन सगळी बाकी शास्तीसह भरली. गटार त्याआधीच साफ झाली होती, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर कुतूहल वाटून नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागून घेतले आणि दोन रात्री बसून वाचले. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

नोंदीचा ऊस आणि काट्यावरचा ऊस

दरवर्षी फेब्रुवारीत वर्तमानपत्रात बातमी येते, ‘नगरपालिकेचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर.’ शिल्लक आहे म्हटल्यावर आपल्याला बरे वाटते. मग वर्षभर रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत आणि दिव्याच्या खांबावर दिवा नसतो. शिल्लक गेली कुठे?

हे कोडे ऊसवाल्याला समजायला कठीण नाही. आपल्याकडे हंगामाआधी उसाची नोंद होते. इतके एकर आडसाली, इतके पूर्वहंगामी, इतका खोडवा, त्यावरून इतके टन येतील असा अंदाज आम्ही बांधतो. पण पाऊस लांबला, हुमणी लागली, काही ऊस गुऱ्हाळाला किंवा दुसऱ्या कारखान्याला गेला, की काट्यावर येणारा ऊस कमी भरतो. बिल निघते ते काट्यावरच्या वजनाचे, नोंदीचे नव्हे.

अंदाजपत्रक म्हणजे नगरपालिकेची नोंद. त्यात घरपट्टीची चालू मागणी असते, वर्षानुवर्षांची थकबाकी असते, शासनाकडून यायचे अनुदानही असते. हे सगळे येणार असे धरून जमा बाजू उभी राहते. प्रत्यक्ष वसुली झाली नाही तर ती शिल्लक कागदावरच राहते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून अंदाजपत्रक हाती आले की नव्या वर्षाच्या आकड्याकडे नंतर पाहावे. आधी शेजारच्या रकान्यात गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती जमा झाले ते पाहावे. तो रकाना म्हणजे शहराचा वजनकाटा होय.

पैसा येतो कोठून

ज्यांचे वय पन्नाशीपुढे आहे त्यांना शहराच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. आडवा बांबू, शेजारी पत्र्याची खोली आणि पावती फाडणारा नाकेदार. विक्रीला येणाऱ्या मालावर तिथे जकात पडे. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला तो नाका डोळ्यांसमोर नको असे. पण रोजच्या रोज रोख पैसा नगरपालिकेच्या तिजोरीत पडत असे, हेही तितकेच खरे. राज्यातील नगरपालिकांच्या हद्दीतील जकात १९९९ मध्ये बंद झाली. मोठ्या महानगरपालिकांत ती पुढे चालू राहिली आणि मुंबईत १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर येईपर्यंत टिकली.

जकातीच्या बदल्यात नगरपालिकांना शासनाकडून सहायक अनुदान मिळते. त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारात जातो. म्हणजे जो पैसा पूर्वी स्वतःच्या नाक्यावर मिळे, त्यासाठी आता मुंबईकडे डोळे लावावे लागतात. अनुदान लांबले की पगार लांबतो आणि पगार लांबला की झाडूवाला कामावर कमी दिसतो.

दुसरा मोठा पैसा केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवले, त्यातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला. उरलेला ४० टक्के मोकळा, पण तोही पगारावर खर्च करता येत नाही. शिवाय घरपट्टीचा किमान दर ठरवावा आणि वसुली वाढती ठेवावी, अशी अटही घातली. म्हणजे घरपट्टी बुडाली तर नुसती घरपट्टी बुडत नाही, वरून येणारे पाणीही आटते.

मोठ्या योजनांचेही तसेच. ‘अमृत २.०’ ही केंद्राची योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. एक लाखाच्या आतील शहराला मंजूर कामासाठी केंद्राकडून निम्मा पैसा मिळतो आणि बाकीचा राज्याने व नगरपालिकेने उभा करायचा. आपल्याकडे ठिबकचे अनुदान मंजूर होते, पण आपला हिस्सा हाताशी नसला तर नळ्या दुकानातच राहतात. तोच प्रकार.

आणि तिसरा पैसा नगरपालिकेच्या हक्काचा. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, आठवडी बाजाराची बैठक. घरपट्टीच्या बिलातला शिक्षण कर मात्र नगरपालिकेकडे राहत नाही, तो शासनाला भरावा लागतो. यावरून तिच्या हाती खरोखर मोकळा पैसा किती थोडा राहतो हे ध्यानात येईल.

कात्री कोठे लागते

खर्चाची बाजू वाचताना आम्हाला आपल्या उपसा जलसिंचन योजनेची आठवण झाली. नदीवरून पाणी उचलायचे, टाकीत चढवायचे, शुद्ध करायचे आणि घरोघर पोचवायचे, या प्रत्येक पायरीला वीज लागते. पगार आणि निवृत्तिवेतन यांच्या पाठोपाठ विजेचे बिल ठाण मांडून बसलेले असते. नळ आठवड्यातून दोनदा आला तरी आपण नगरपालिकेला नावे ठेवतो, पण बहुतेक ठिकाणी पाणीपट्टीतून पाणी उचलण्याचा खर्चसुद्धा निघत नाही. उपसा योजनेची पट्टी सभासदांनी थकवली की मोटारी कशा बंद पडतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

१९६५ च्या नगरपरिषद कायद्यात नगरपालिकेची कामे दोन भागांत सांगितली आहेत. काही आवश्यक. उदाहरणार्थ दिवाबत्ती, झाडलोट, गटारी, पिण्याचे पाणी, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद. काही ऐच्छिक. वाचनालय, बगीचा, क्रीडांगण ही त्यांतली. पैसा अपुरा पडला की कात्री ऐच्छिक कामांना आधी लागते. कागदावर हे बरोबरच दिसते.

पण शहराला शहरपण कशाने येते? वाचनालयाच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारे पेन्शनर, तिथेच कोपऱ्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आपल्या गावची पोरे, बागेत संध्याकाळी येणाऱ्या लेकुरवाळ्या, तालमीच्या हौद्यात घुमणारी मुले, घाटावरचे गणपती विसर्जन. वाचनालयाची पुस्तक खरेदी थांबली म्हणून कोणी मोर्चा काढत नाही. बागेच्या माळ्याची जागा रिकामी राहिली म्हणून कोणी उपोषणाला बसत नाही. पाच वर्षांनी मात्र लक्षात येते की पोरे संध्याकाळी पानपट्टीवर उभी असतात. हा तोटा ताळेबंदात कोठे दाखवतात ते आम्हाला सापडले नाही.

कराड-विट्याचे उदाहरण

लहान शहराला जमतच नाही, असे मात्र नाही. आपल्या ऊसपट्ट्यातलीच उदाहरणे पाहा. देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील शहरांत २०२० साली कराडचा पहिला क्रमांक आला आणि २०२१ साली विट्याचा. पुढे पाचगणी आणि सासवड यांनीही तो मान मिळवला. ही काही मुंबई-पुण्यासारखी धनवान शहरे नव्हेत. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय लोकांनी लावून घेतल्याशिवाय असा क्रमांक येत नाही, आणि ही सवय कोणत्याही अंदाजपत्रकात विकत मिळत नाही.

यात आमच्या खात्याचा संबंध असा की ओल्या कचऱ्याचे खत होते. राज्यात ते ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ या नावाने विकले जाते. शेणखत मिळेनासे झाले आहे आणि आपल्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब घटला आहे, हे माती परीक्षणाच्या चिठ्ठीवर आपण पाहतोच. मात्र खत घेताना तपासणीचा दाखला मागावा. सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के आणि कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत हवे, काच-प्लॅस्टिक नको. असे खत आपण विकत घेतले तर शहराला चार पैसे आणि आपल्या सरीला भर, असे दोन्ही साधते.

‘आम्हाला काय त्याचे?’

एका वडीलधाऱ्या सभासदांना आम्ही हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “साहेब, आम्ही गावचे. आमची घरपट्टी ग्रामपंचायतीला. शहराचं आम्हाला काय?” आम्ही विचारले, “आबा, नात कुठे शिकते?” शहरात. “डोळ्याचे ऑपरेशन कुठे झाले?” शहरात. “आणि सांडपाणी कोणत्या नदीत जाते?” आबा हसले. ज्या नदीवर त्यांची मोटार आहे, त्याच नदीत.

शहर बिघडले तर खाली आपण आहोत. आणि आपल्यापैकी कितीतरी जणांची शहरात घरे, प्लॉट, गाळे आहेत. म्हणून चार गोष्टी सुचवतो :

१. शहरात मालमत्ता असेल तर या महिन्यात थकबाकी पाहून घ्यावी. वारसाची नोंद राहिली असेल तर तीही करावी.

२. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत कर जादा वाटला तर मुदतीत हरकत घ्यावी. बिल थकवणे ही हरकत नव्हे.

३. अंदाजपत्रक मागून वाचावे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे ते स्वतःहून प्रसिद्ध करणे कार्यालयावर बंधनकारक आहे.

४. आपला नगरसेवक भेटला की रस्त्याबरोबर वसुलीचाही आकडा विचारावा. तीन-चार वर्षे प्रशासकांच्या हाती कारभार राहिल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन आता पुन्हा विचारायला माणूस मिळाला आहे.

आपल्या वार्षिक सभेत एकेका खर्चावर आपण तास तास बोलतो, अहवालाची पाने उलटून संचालकांना उभे करतो. सहकाराने आपल्याला लावलेली ही चांगली खोड आहे. तिचा थोडा उपयोग शहराच्या जमाखर्चालाही होऊ द्यावा.

आमच्या घरापुढची गटार आता वाहती आहे. पावती फाईलला लावली आहे आणि पुढच्या मार्चची तारीख लागणीच्या वहीतच लिहून ठेवली आहे, म्हणजे विसरायला नको.