वकील तिथला हवा, पण आपला हवा

दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठे उमटतात, कॅमेऱ्यासमोर फोटो निघतात, ओळख देणारे दोघे सह्या करतात आणि थोड्या वेळाने शिक्क्यांनी भरलेला दस्त हातात पडतो. एवढे सरकारी सोपस्कार झाल्यावर ‘रजिस्टर झालं, म्हणजे सरकारनं पाहूनच घेतलं असणार’ असे कुणालाही वाटेल. घरखरेदीतला सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार निबंधक पाहतो ते मोजके आहे: समोर आलेली माणसे तीच आहेत का, सही केल्याचे त्यांना कबूल आहे का, मुद्रांक शुल्क भरले का, लागणारी परवानगी जोडली का. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येत नाही. तमिळनाडूने एका नियमाने तो निबंधकाच्या गळ्यात बांधून पाहिला. विकणाऱ्याने मालकीचे कागद दाखवले नाहीत तर दस्त नाकारता येईल, असा तो नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये के. गोपी यांच्या खटल्यात तो रद्द ठरवला, कारण मालकी तपासण्याचा अधिकार मूळ कायद्याने निबंधकाला दिलेलाच नाही. आपल्याकडे नोंद होते ती दस्ताची. इंग्लंडमध्ये नोंद होते ती मालकीची, आणि त्या नोंदवहीतल्या चुकीमुळे कुणाचे नुकसान झाले तर तिथले भूनोंदणी खाते भरपाई देते. त्यामुळे लीड्समधल्या घराचे कागद लंडनच्या सॉलिसिटरने पाहिले तरी फारसे अडत नाही. आपल्याकडे मालकी हा कागदांच्या साखळीवरून काढायचा निष्कर्ष असतो, आणि ते कागद सजाच्या दप्तरात, भूमी अभिलेखात, निबंधकाच्या सूचीत आणि तालुक्याच्या कोर्टात विखुरलेले असतात. म्हणूनच वकील किती मोठा यापेक्षा तो कुठला आणि कुणाचा, हे आधी विचारावे लागते.

‘पण सातबारा त्याच्याच नावावर आहे की!’ हे पुढचे उत्तर ठरलेले. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते की त्यातली नोंद खरी मानावी, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षे सांगत आले आहे. म्हणून सातबारा निरुपयोगी आहे असे मात्र नाही. तो वाचायचा कसा, हे कळायला हवे. मालकाच्या नावाशेजारी फेरफाराचे क्रमांक असतात, जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर कमी झालेली नावे कंसात असतात, आणि उजवीकडचा ‘इतर हक्क’ हा रकाना सामान्य खरेदीदार बहुधा वाचतच नाही. जाणता वकील तिथूनच सुरुवात करतो. समजा, वडिलांच्या निधनानंतरचा वारस फेरफार आहे. तीन मुलगे कब्जेदार म्हणून लागले आणि दोन मुली ‘इतर हक्कात’ गेल्या. एके काळी गावोगाव अशाच नोंदी होत. मुलगे आज पूर्ण जमीन विकायला निघाले आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीनंतर आणि २०२०च्या विनीता शर्मा निकालानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा जन्मानेच आहे. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले आहे का? नसेल तर खरेदीखतावर त्यांच्या सह्या आहेत का? ‘बहिणींचं काही म्हणणं नाही’ हे वाक्य व्यवहारात फार ऐकू येते. कोर्टात त्याची किंमत शून्य.

फ्लॅट घेणाऱ्याला वाटते, हे सगळे जमीनवाल्यांचे दुखणे. पण फ्लॅट हवेत उभा नसतो. नव्या प्रकल्पात रेराच्या कलम १८चा मोठा आधार आहे. जमिनीच्या मालकीत दोष निघाला तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा टायटल रिपोर्टही पाहायला मिळतो. मात्र तो लिहिणारा वकील बिल्डरने नेमलेला असतो, आणि भरपाई म्हणजे घर नव्हे. रीसेलच्या फ्लॅटला तर ही छत्रीही बहुधा नसते. तिथे पहिल्या खरेदीदारापासूनच्या करारनाम्यांची साखळी अखंड आहे का, मधल्या एखाद्या मालकाच्या वारसांचे काय झाले, भागपत्र कुणाच्या नावे आहे, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीला मिळाले की अजून बिल्डरच्याच नावे आहे, हे ज्याचे त्यानेच शोधायचे.

मग बँकेचा दाखला पुढे येतो: ‘बँकेनं कर्ज दिलं, म्हणजे टायटल क्लिअर.’ या युक्तिवादात तथ्य आहे, ते मान्य करायला हवे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील शोध घेतो, अहवाल देतो, आणि त्यात ढोबळ दोष सापडतात. पण तो अहवाल बँकेसाठी लिहिलेला असतो. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे घालते आणि उरलेले तुमचे असतात. शिवाय मिळकत गेली तरी हप्ते भरायला तुम्ही, तुमचा पगार आणि जामीनदार आहेतच. म्हणजे बँकेची जोखीम आणि तुमची जोखीम एक नाही. अहवाल चुकला तर काय? सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चुकीचे मत दिले एवढ्यावरून पॅनेलच्या वकिलाला फौजदारी कटात ओढता येत नाही, त्याचा सक्रिय सहभाग दाखवावा लागतो. निकाल रास्तच आहे. पण बँकेचीच जिथे ही गत, तिथे तो अहवाल हाती न पडलेल्या खरेदीदाराने त्यावर किती भिस्त ठेवायची? त्यात एक पोटगैरसमजही आहे. विकणाऱ्यावर दुसऱ्या बँकेचा बोजा असेल तर तो निबंधकाच्या सूचीत दिसेलच, असे लोक धरून चालतात. मूळ कागद बँकेत ठेवून केलेले गहाण पूर्वी सूचीत उमटतच नसे. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देणे २०१३पासून बंधनकारक झाले, आणि गहाणांची ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदवही २०११ची. त्याआधीच्या गहाणाचा सुगावा लागतो तो विकणाऱ्याकडे मूळ करारनामा नाही, फक्त झेरॉक्स आहे, यावरून.

आता ‘तिथला’ वकील कशाला, याकडे येऊ. महाराष्ट्र एक राज्य असले तरी जमिनीच्या कायद्यात तो अजून तीन तुकड्यांत आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८चा कूळकायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५०चा, विदर्भात १९५८चा. पुण्याच्या वकिलाला ‘३२-म’चे प्रमाणपत्र आणि कलम ४३ची अट तोंडपाठ असते. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनी कूळ मालक मानले गेले, पण त्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधने आली, हे तो झोपेतही सांगेल. त्याच वकिलाला संभाजीनगर किंवा बीडची मिळकत दिली की खासरा पत्रक, इनाम, मदतमाश हे शब्द समोर येतात, जुने कागद उर्दूत निघतात, आणि त्याला तिथल्याच कुणाला तरी फोन करावा लागतो. सातारा-कोल्हापूरकडे जुने कागद मोडीत. नागपुरात सुधार प्रन्यासचे भाडेपट्ट्याचे भूखंड, नवी मुंबईत सिडकोचे, जिथे हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क आले. कोकणातल्या घराचे दुखणे निराळेच: चौदा सहहिस्सेदार, त्यातले अकरा मुंबईत, आणि गावात राहणारा एक चुलता घर विकायला तयार. त्याला आपला हिस्सा विकता येतो, पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते. पैसे देऊन वाटपाचा दावा विकत घेतल्यासारखे ते होते.

गोव्यात घर घेणाऱ्या पुणे-मुंबईच्या मंडळींची गंमत त्याहून मोठी. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता साधारणतः सामाईक होते. कागदावर एकट्या नवऱ्याचे नाव असले तरी बायकोची सही लागते, आणि भावंडांच्या मिळकतीत प्रत्येक भावाबहिणीच्या जोडीदाराचीही. सातबारा तिथे नाही, नमुना एक व चौदा आहे. कोमुनिदादीची (गावसमुदायाची) जमीन आणि मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क या दोन शब्दांची भीती गोव्याबाहेरच्या वकिलाला असावी तेवढी नसते.

यावर एक सयुक्तिक आक्षेप आहे: आता सगळे ऑनलाइन आहे. महाभूलेखवर सातबारा, ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, ई-कोर्ट्सवर खटले. मग तालुक्याला जायचे कशाला? ऑनलाइन सोय खरोखर मोठी आहे आणि खरेदीदाराने ती स्वतः वापरावीच. पण ती जिथून सुरू होते तिथून मागे बघायचे असते. दस्तांचे संगणकीकरण राज्यभर साधारण २००२पासूनचे, तर शोध घ्यायची प्रथा ३० वर्षांची. हा आकडा हवेतला नाही. सरकारला जमिनीवरचा हक्क सांगायला मुदतीच्या कायद्यात ३० वर्षे आहेत, आणि ३० वर्षांपूर्वीचा कागद योग्य ताब्यातून आला तर पुराव्याच्या कायद्यात त्याला खरेपणाचे झुकते माप मिळते. मधली वर्षे कागदी सूचीत असतात, हाताने पाने उलटून. दुसरे म्हणजे जमिनीचे नावच बदलते: एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला, गावठाण वाढल्यावर सिटी सर्व्हे नंबर आला. जुना दस्त सर्व्हे नंबरवर, नवा गटावर, आणि जोडणारा दुवा म्हणजे एकत्रीकरणाचा ९(३)-९(४)चा उतारा. तो न काढता घेतलेला शोध चुकीच्या जमिनीचा असू शकतो. खटल्यांचेही तेच. ई-कोर्ट्सवर पक्षकाराचे नाव टाकून शोधता येते, गट नंबर टाकून नाही. विकणाऱ्याच्या चुलतभावाने आजोबांच्या वारसांवर लावलेला वाटपाचा दावा कुठल्या नावाने शोधणार? त्या कोर्टात रोज उभा राहणाऱ्याच्या तो कानावर असतो.

याहून खरा आक्षेप दुसरा आहे. तालुक्यातला वकील आणि तिथला बिल्डर, एजंट, विकणारा ही सगळी एकाच चहाच्या टपरीवरची माणसे. हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच ‘तिथला’ ही अर्धीच अट आहे. ‘दोघांचा मिळून एकच वकील, खर्च वाचेल’ ही एजंटची सूचना गोड लागते, पण घर विकणाऱ्याचे हित दोष न बोलण्यात असते आणि घेणाऱ्याचे तो खणून काढण्यात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार, पक्षकारांशी काही संबंध असेल तर तो वकिलाने सुरुवातीलाच सांगायला हवा, आणि एका बाजूला सल्ला दिलेल्या प्रकरणात त्याने दुसऱ्या बाजूने उभे राहू नये. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारावे: या बिल्डरची, या विकणाऱ्याची कामे तुमच्याकडे आहेत का? फी व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून ठेवू नये, कारण मग ‘घेऊ नका’ असे सांगण्याने त्याचे स्वतःचे नुकसान होते. तालुक्यात पूर्ण अलिप्त माणूस सापडत नसेल तर शेजारच्या तालुक्यातला पाहावा, किंवा शोध तिथल्याने घ्यावा आणि मत आपल्या शहरातल्याने द्यावे. थोडे जास्त पैसे जातात. ८० लाखांच्या फ्लॅटवर ६ टक्क्यांनी ४ लाख ८० हजार मुद्रांक शुल्क विनातक्रार भरणारा माणूस वकिलाच्या काही हजारांवर घासाघीस करतो, हे आपल्याकडचे एक न उलगडणारे कोडे आहे. वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये दिला. तेव्हा नंतर ग्राहक आयोगात जाऊ, हा मार्गही धरून चालू नये.

चांगला अहवाल ओळखू येतो. तो तुमच्या नावे लिहिलेला असतो. कोणत्या कार्यालयात, कोणत्या वर्षांचा शोध घेतला हे त्यात असते आणि शोध-शुल्काची पावती जोडलेली असते. अमुक वर्षांची सूची फाटलेली होती, तमुक वर्षांची बांधणीसाठी गेली होती, असे लिहिणारा वकील कामचुकार वाटतो. प्रत्यक्षात तोच कार्यालयात जाऊन आलेला असतो. ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ एवढ्या एका ओळीचा कागद कुणीही टाइप करून देईल.

विकणाऱ्याला वकील लागत नाही, हाही समज बराच घट्ट आहे. पैसे तर त्याला मिळणार! पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५नुसार मालकीतला माहीत असलेला दोष त्याने सांगायचा असतो, आणि विकण्याचा हक्क आपल्याला आहे अशी हमी त्याने दिलीच असे धरले जाते. खरेदीखतातल्या नुकसानभरपाईच्या कलमावर तो न वाचता सही करतो, ती जबाबदारी पुढे वारसांपर्यंत पोचते. परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठवून गावचे घर विकणाऱ्यांनी तर आधीच विचारावे. ते पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते, आणि बरेच व्यवहार तिथेच अडकतात.

आणि हे सगळे कधी? लोक वकिलाकडे जातात ते खरेदीखताचा मसुदा घेऊन, इसार देऊन झाल्यावर. इसाराची पावती बहुतेकदा एजंटच्या छापील नमुन्यावर असते आणि त्यात बारीक अक्षरात एक ओळ असते: खरेदीदाराने माघार घेतल्यास रक्कम जप्त. मालकीत दोष निघाल्यास ती परत मिळेल, ही ओळ छापलेली नसते. ती पेनाने, दोघांच्या सहीने, पैसे देण्याआधी लिहून घेता येते.