बर्फाचे दफ्तर

काश्मीरातील गुलमर्गहून रज्जुमार्गाने अफरवटच्या खांद्यावर, 3,900 मीटरांहून अधिक उंचीवर, पोहोचलेला प्रवासी समोरचे अस्पर्श शुभ्र उतार पाहून हरखून जातो, आणि त्यात त्याचा काही अपराध नाही; परंतु त्या शुभ्रतेच्या पोटात साऱ्या हिवाळ्याचे दफ्तर लिहिलेले असते, आणि ते वाचल्याविना, पहारा व बंदोबस्त असलेल्या घसरपट्टीबाहेरच्या उतारावर उतरणे हा जिवाशी केलेला खेळ होय, हे निक्षून सांगितले पाहिजे.

प्रत्येक हिमवर्षावाचा, प्रत्येक वावटळीचा, प्रत्येक उन्हाळलेल्या दुपारचा थर त्या दफ्तरात निराळा असतो. हंगामाच्या आरंभी थोडासा बर्फ पडून पुढे कित्येक आठवडे आकाश निरभ्र राहिले, तर तळाशी जमिनीची ऊब आणि वर रात्रीचा कडाका यांच्या तफावतीमुळे आतले बाष्प वर सरकू लागते. दर दहा सेंटिमीटरांमागे सुमारे एक अंशाहून अधिक फरक पडला, की कण परस्परांचा बंध सोडून मोठे, पैलूदार आणि सुटे होतात. हा बर्फ हातमोज्यात घेऊन कितीही दाबला तरी त्याचा गोळा वळत नाही. साखरेसारखा तो बोटांतून ओघळतो. थर जितका पातळ तितकी ही तफावत तीव्र, म्हणून बर्फ कमी पडला तर भय कमी, हा समज फार घातक आहे. पुढे पश्चिमी झंझावाताने एका रात्रीत दोन-तीन फूट बर्फ लादला, की त्या ठिसूळ पायावर जड मजला चढतो.

तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा मजला निसटायला एका माणसाचे वजनही पुरते; आणि स्कीवाले ज्यांत गाडले जातात ती हिमस्खलने बहुधा त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या भारानेच सुटतात. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गजवळच्याच खिलनमर्गला लष्कराच्या पर्वतीय युद्धशाळेचे 17 जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले; तेव्हा पर्वताचे शिक्षण घेणाऱ्यांचीही तेथे गय होत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, नंतर आशा झपाट्याने मावळते; म्हणून खालून मदत येण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो, आणि संकेतयंत्र, शोधकाठी व फावडे ही सोबत्यांच्याच पाठीवर हवीत.

दफ्तर वाचण्याची रीत मात्र साधी आहे. त्याच दिशेच्या, पण सुरक्षित जागी, खड्डा खणून फूटभर रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा करतात, त्याच्या माथ्यावर फावड्याचे पाते ठेवतात, आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा अशा थापा मोजून देतात. बाराव्या-तेराव्या थापेलाच वरचा भाग सुरीने कापावा तसा सपाट निसटून पुढे आला, की जाणता वाटाड्या वाद घालत नाही. खड्डा बुजवतो, फावडे पाठीला बांधतो, आणि मंडळींना खालच्या झाडीच्या सौम्य वाटेने परत नेतो.