मोटारीची विद्युत्-व्यवस्था
लेखांक ७ : फ्यूजची पेटी आणि परतीची वाट

बॅटरीच्या धन टोकातून निघालेली वीज दिव्यापर्यंत कशी पोचते, हे गेल्या लेखांकात पाहिले. परंतु दिवा पेटवून ती पुढे कोठे जाते, हा प्रश्न तेव्हा मुद्दामच बाजूस ठेवला होता, कारण मोटारीच्या विद्युत्-दोषांपैकी चमत्कारिक म्हणावेत असे बहुतेक दोष त्याच्याच पोटी जन्म घेतात.

फ्यूजची पेटी सापडणे अवघड नाही. सामान्यतः एक पेटी बोनेटखाली बॅटरीच्या शेजारी आणि दुसरी चालकाच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डाखाली असते. पहिली बॅटरीला इतकी बिलगून असण्याचे कारण असे की, फ्यूज हा दिव्याचा नव्हे तर तारेचा रक्षक आहे, आणि त्याच्या अलीकडची तार अरक्षितच राहते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. झाकणाच्या आतील बाजूस बहुधा नकाशा छापलेला असतो. पात्यांच्या फ्यूजांत लाल १० अँपियरचा, निळा १५चा, पिवळा २०चा आणि हिरवा ३०चा. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. चौकीवरचा शिपाई हटवून तेथे बुजगावणे उभे करण्यासारखाच हा कारभार.

परतीच्या वाटेला मात्र ना पेटी, ना झाकण, ना नकाशा. दिव्याची दुसरी तार वीतभर जाऊन पत्र्यावरच्या एखाद्या बोल्टापाशी संपते आणि तेथून पुढे गाडीचा पोलादी सांगाडाच तारेचे काम करतो. कारागीर याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात, जरी रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा पृथ्वीशी या बाबतीत काडीचाही संबंध नसतो. असे बोल्ट हेडलाइटांच्या मागे, डॅशबोर्डाच्या कडेला पायाजवळच्या आच्छादनाखाली आणि डिकीत मागील दिव्यांपाशी शोधावेत. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असल्यामुळे त्याला सांगाड्याशी किंवा बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी जाड पट्टी वेगळी द्यावी लागते. ती तुटली तर सेल्फ मारताच शंभराहून अधिक अँपियरचा प्रवाह क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि ती बिचारी केबल तापून तिचे वेष्टन वितळते. असा रुग्ण कारखान्यात येतो तो केबलीची तक्रार घेऊन!

माझ्याच जुन्या गाडीत ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा मिणमिणे आणि पुढचे पार्किंगचे दिवे विनाकारण मंद उजळत. एका कारागिराने फ्यूज बदलले, मग बल्ब बदलले, मग स्विचावर संशय घेतला. खरा गुन्हेगार डिकीतील गंजलेला बोल्ट होता: मागच्या दिव्यांची समाईक परतवाट बंद पडल्यामुळे ब्रेकच्या दिव्यातून आलेली वीज शेजारच्या पार्किंगच्या बल्बात उलटी शिरून, त्याच्याच तारेने पुढच्या दिव्यांपर्यंत जाऊन, तेथल्या धडधाकट बोल्टातून सांगाड्यात उतरत होती.

अशा बोल्टाची परीक्षा ओहममापकाने करू नये. तारेचा एकच तंतू शाबूत असला तरी मापकाचा अल्पसा प्रवाह त्यातून सुखेनैव जातो आणि मापक निर्दोषत्वाचा दाखला देऊन मोकळा होतो. त्याऐवजी दिवा चालू ठेवून व्होल्टमापकाचे काळे टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व तांबडे टोक दिव्याच्या परतीच्या तारेवर धरावे, ०.२ व्होल्टाहून अधिक आकडा दिसला, तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे असे खुशाल समजावे, आणि मग तांबडे टोक तारेवरून बोल्टावर, बोल्टावरून पत्र्यावर सरकवीत गेल्यास, ज्या ठिकाणी आकडा एकदम कोसळतो ते ठिकाण दोषी. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून तो सांधा पॉलिशपेपराने उघड्या धातूपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळावा, आणि वरून व्हॅसलीनचा लेप द्यावा.

मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांचे जे मालक अद्याप आहेत, त्यांनी वरील मजकूर जरा जपून वाचावा: मूळच्या जोडणीत तेथे बॅटरीचे धन टोकच सांगाड्याला बांधलेले असते, तेव्हा काळे टोक धन खुंटीवर ठेवावे आणि आकड्यापुढे उणे चिन्ह दिसल्यास दचकू नये.