खुर्द्याचा दिवस

सकाळी सहा. दिल्लीत हिंदूराव इस्पितळामागच्या रिजवर एक फेरी. हा भाग ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हिंदूराव घाटगे कागलचे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्याचं टेकडीवरचं घर पुढे हिंदूरावांकडे आलं. मीही कोल्हापूरकडचीच. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना उगीच बरं वाटतं.

साडेआठ. पुलबंगशहून मेट्रो, काश्मीरी गेटला बदल. डबा सांभाळत उभी.

दहा. प्रयोगशाळेत ट्रे उघडला. तामिळनाडूकडची रोमन काशाची नाणी, सदऱ्याच्या गुंडीएवढी. पहिलं काट्यावर ठेवलं: जेमतेम एक ग्रॅम. २९४ च्या सुमारास सम्राट डायोक्लेशनने पाडलेलं काशाचं मोठं नाणं दहा ग्रॅमच्या आसपास भरे. शंभर वर्षांत खुर्दा असा झिजत गेला. पुदुक्कोट्टईला सापडलेल्या रोमन मोहरांवर राजाच्या चेहऱ्यावर छिन्नीचे घाव आहेत. ह्या खुर्द्यातल्या नाण्यांच्या वाटेला कोण जातो! पण करूर, मदुराई, श्रीलंका इथे ती भरपूर सापडतात, आणि श्रीलंकेत तर त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. माझ्या मते बाजारात चलन म्हणून चालल्याचा ह्याहून चांगला पुरावा नाही. गुळगुळीत नाणं बघून लोक हळहळतात, मला मात्र तेच आवडतं.

साडेअकरा. सूक्ष्मदर्शकाखाली बांबूची काडी आणि ऊर्ध्वपातित पाणी. मातीचा पापुद्रा सुटला तसं आधी पंखाचं टोक दिसलं, मग खांद्यावरची विजयचिन्हांची काठी. विजयदेवता डावीकडे निघालीय, मागे केसांना धरून ओढलेला कैदी. भोवती लेख असावा 'सालूस रेइपुब्लिकाए', म्हणजे राज्याचं क्षेम; त्यातली तीनच अक्षरं उरलीत. ही नाणी पाडल्यावर थोड्याच वर्षांनी, ४१० मध्ये, गॉथ राजा अलारिकने रोम लुटलं.

एक. जेवण. आईचा फोन: "सोनं सापडलं का गं?"

दोन. एका नाण्यावर फिकट हिरवी भुकटी. हा रोगच, क्षार आणि दमट हवा मिळाली की धातू आतून पोखरतो, आणि दिल्लीचा ऑगस्ट त्याला फार मानवतो. नवी मुलगी म्हणाली, "ताई, लिंबू चोळलं तर?" म्हटलं, "चकचकीत होईल, पण राजा जाईल." भुकटी खरवडून नाणं बेंझोट्रायझोलच्या द्रावणात बुडवलं.

चार. कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं एक. दोन शिपाई, मध्ये निशाण. निशाणं दोन असती तर ३३० ते ३३५ मधलं. इथे एकच आहे, म्हणजे ३३५ नंतरचं. राजाचं नाव पुसलेलं असताना एवढ्यावर काम भागतं.

साडेपाच. नोंदवही. विजयदेवतेच्या नाण्याला राजाच्या रकान्यात 'अनिश्चित', टांकसाळीच्याही. काळ: चौथ्या शतकाची अखेर. रोगट नाणं सिलिका जेलच्या वेगळ्या डबीत. ते आठवडाभर कुणी उघडायचं नाही, हे मुलीला दोनदा सांगून निघाले.