बाकावरचा माणूस जायच्या आत

सकाळी ८.२०
कुलूप काढलं, फ्रिजचं तापमान वहीत लिहिलं. मग ग्लुकोमीटर. पट्ट्यांच्या डबीचं झाकण रात्रपाळीत कुणीतरी उघडंच ठेवलेलं. गडचिरोलीतला ऑगस्ट, भिंतींनासुद्धा ओल आलेली. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं एन्झाइम असतं. ते साखरेशी भिडलं की इलेक्ट्रोडवर किंचित वीज वाहते आणि मीटर तीच मोजतं. दमट हवेने एन्झाइम बिघडलं तर मीटर दर वेळी ‘एरर’ म्हणेलच असं नाही. खुशाल खोटा आकडा दाखवतं. सगळी डबी फेकली. स्टोअरवाले कुरकुरतील, कुरकुरू देत.

९.००
ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर गर्दी. आधी बेडक्याचा नमुना घेतला, कारण त्याला वेळ लागतो. महिनाभर खोकणारा शेतकरी, रोवणी अर्धी टाकून आलेला. बेडका पातळ केला आणि क्षयरोग शोधणाऱ्या ट्रूनॅटच्या पहिल्या यंत्रात घातला. तिथे वीसेक मिनिटांत जंतूचा डीएनए वेगळा होतो. त्यातला इवलासा थेंब चिपवर टाकून ती दुसऱ्या यंत्रात ठेवायची, की पाऊण तासाच्या आत उत्तर. हे यंत्र गोव्यातल्या मोल्बायो कंपनीचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ते मान्य केलं. आम्हाला त्याचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. ते बॅटरीवर चालतं आणि एसीची खोली मागत नाही.

११.०५
सहाव्या महिन्यातली बाई. नऊ वाजता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं होतं, दोन तास झाले. मीटर म्हणालं १४६. १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. पण तिची पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन ६.९.

इथे घाई करायची नाही. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की साखर पट्टीवरच्या एन्झाइमपर्यंत सहज पोचते आणि आकडा फुगतो. आमच्या मीटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलंय, की पेशींचं प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली गेलं तर भरवसा ठेवू नका. हिचं वीसबावीसच्या घरात असणार. शिरेतून रक्त घेऊन मोठ्या यंत्रावर लावलं. १२८.

‘‘शुगर हाय का जी मले?’’
‘‘नाही ताई. रक्त कमी हाय, ते आधी पाहू.’’

साखरेच्या आकड्याशेजारी मी हिमोग्लोबिनही लिहितो. नियम नाही, माझी खोड आहे. जिथे निम्म्या बाया पांढऱ्या पडलेल्या दिसतात तिथे ती असावीच, असं माझं मत.

११.३०
शेतकऱ्याच्या चिपने क्षयरोग दाखवला. आता दुसरी चिप: रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का? आणखी तासभर. त्याला म्हटलं, भाऊ, जाऊ नका. पूर्वी नमुना गाडीने जिल्ह्याला जायचा आणि कागद यायचा तोवर माणूस कामासाठी भलत्याच गावाला गेलेला असायचा. त्याला शोधायला आशाताई रानोमाळ.

१.१०
दुसऱ्या चिपचं उत्तर आलं: प्रतिकार नाही. मग डबा. वांग्याची भाजी गार.

२.१५
एक आशाताई तापाच्या मुलाला घेऊन आली. गावातच किट केलेलं, फाल्सिपेरमची रेघ ठळक. ‘‘सर, पुन्हा मलेरिया.’’ विचारलं तर कळलं, तीन आठवड्यांपूर्वी मुलाने गोळ्या पूर्ण घेतल्यात. किट जंतू बघत नाही, जंतूने सोडलेलं प्रथिन बघतं. जंतू मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं. काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर क्षेत्रं पाहिली. एकही जंतू नाही. ताप दुसऱ्या कशाचा तरी. डॉक्टर कान तपासताहेत. आशाताई हिरमुसली. तिला सांगितलं, किट चुकलं नाही आणि तुम्हीही नाही. फक्त त्याला ‘आज’ आणि ‘गेल्या महिन्यात’ यांतला फरक कळत नाही.

३.२०
आश्रमशाळेची मुलं, सिकलसेलसाठी. नुसत्या गढूळपणाच्या चाचणीत वाहक आणि रुग्ण दोघंही ‘पॉझिटिव्ह’च दिसतात. नव्या पट्टीवर हिमोग्लोबिन ए आणि एस यांच्या रेघा वेगळ्या, त्यामुळे फरक बोटाच्या थेंबावर कळतो. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं ठरलंय. आज माझ्याकडे त्यांतले एकोणीस. तरी पट्टीने रुग्ण दाखवलेल्या दोघांचं रक्त पक्क्या चाचणीसाठी बाहेर पाठवलंच.

४.४०
क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ पोर्टलवर नोंद, नेटवर्क तिसऱ्यांदा गेलं आणि आलं. शेतकऱ्याला औषधाची पाकिटं मिळाली, पाचच्या एसटीने तो घरी गेला.

५.१५
नव्या पट्ट्यांची डबी आली. झाकणावर मार्करने आजची तारीख घातली. आमच्या पट्ट्या उघडल्यापासून ९० दिवसच चालतात. तुमच्या घरी मीटर असेल तर आज तुमचीही डबी उलटून बघा.