बंद ठेवलेला समुद्र कोणासाठी?



आमच्या शाळेच्या विज्ञान कपाटात प्रवाळाचा एक पांढरा तुकडा आहे. फार वर्षांपूर्वी सहलीहून कोणीतरी तो आणला होता. इयत्ता सातवीच्या वर्गात आम्ही तो दाखवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा उचलून आणायला परवानगी होती का?" लगेच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "आणि समुद्रात मासे धरायला बंदी केली, तर कोळी लोक खाणार काय?" दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. म्हणून या अंकात त्यांचा विचार करू.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. अंगठीत घालतात त्या पोवळ्याचे हे नातेवाईक. प्रवाळ हा दगड नसून लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. ते आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात आणि अशा असंख्य घरांचा खडक तयार होतो. त्याच्या कपारीत माशांची पिल्ले लपतात, वाढतात. आपल्या डुमसच्या किनाऱ्यावर असा खडक दिसत नाही, कारण खंभातच्या आखातात तापी, नर्मदा, मही या नद्यांचा गाळ येतो आणि प्रवाळाला प्रकाश लागतो. मात्र आपल्याच राज्यात जामनगरजवळ, कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळ आहेत. तेथे १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. त्यापूर्वी तेथील प्रवाळयुक्त वाळू सिमेंटसाठी काढली जात असे. महाराष्ट्रात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले.

आता समुद्राचा एक तुकडा राखून ठेवल्याने मासे कसे वाढतात? आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा खानदेशातून येथे आले. घरात कितीही अडचण असली तरी पेरणीसाठी ठेवलेली ज्वारी जात्यात घालायची नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. राखलेला समुद्र म्हणजे तेच बियाणे.

जाळ्यात आधी मोठे मासे जातात, आणि खरे बियाणे मोठ्या माशांकडेच असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटिक महासागरातील कॉड माशाचा हिशेब दिला आहे. ३० किलोची एक मादी जितकी अंडी देते, तितकी २ किलोच्या २८ माद्या मिळूनही देत नाहीत. खडकांच्या कपारीत राहणाऱ्या हेकरू माशाची गोष्ट तर आणखी नवलाची. त्याच्या अनेक जाती आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतील काही नर होतात. मोठे मासे संपले की नरही संपत येतात.

राखीव भागात मासे मोठे होतात, अंडी घालतात. समुद्रात सीमेवर भिंत नसते. पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात, मोठे मासेही सीमा ओलांडतात आणि बाहेरच्या जाळ्यात येतात. म्हणजे बंद भागाचा लाभ उघड्या भागातील मच्छीमारालाच होतो. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचे एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढले. कारण गावातील मच्छीमार कुटुंबांनी स्वतः मासेमारी सोडून पहारा केला.

परंतु नुसत्या घोषणेने हे होत नाही. २०१४ साली जगातील ८७ संरक्षित सागरी क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या ठिकाणी पूर्ण बंदी, कडक पहारा, दहा वर्षांहून अधिक काळ, मोठे क्षेत्र आणि एकाकी जागा या पाच गोष्टींपैकी एक किंवा दोनच होत्या, तेथील मासे उघड्या समुद्रातल्यासारखेच होते. अशी ठिकाणे निम्म्याहून अधिक निघाली. शिवाय समुद्र तापला तर कुंपण उपयोगी पडत नाही. १९९८ सालच्या उष्णतेत लक्षद्वीपच्या प्रवाळांची मोठी हानी झाली.

मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, तो माशांशी वैर म्हणून नव्हे. पोटाचे काय, ही त्यांची चिंता होती. मासे वाढायला वर्षे लागतात आणि चूल तर रोज पेटवावी लागते. त्या मधल्या काळात मच्छीमाराच्या घराचा विचार झाला नाही, तर बंदी कागदावरच राहते. कोळी समाजाला बंदी नवीन नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात जायचे, ही शिस्त त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. ज्याला ही शिस्त ठाऊक आहे, त्याला विश्वासात घेतले तर तोच उत्तम राखणदार होईल.

राहिला पहिला प्रश्न. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणता येत नाही. २००१ पासून तर खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे देशभर संरक्षण आहे. म्हणून आमच्या कपाटातील तुकडा आमची चूकच समजावी. तो कपाटातच राहील, पण त्याखाली "असे आणू नये" अशी चिठ्ठी लावण्याचे आम्ही ठरविले आहे.

या हिवाळ्यात वन विभागाच्या परवानगीने जामनगरजवळील नरारा येथे सहल नेण्याचा विचार आहे. तेथे ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. काही उचलायचे नाही. फुग्यासारखा फुगणारा मासा हातात घेऊन गंमत पाहायची नाही, कारण तो भीतीने फुगतो. पालकांनीही घरी मुलांना एवढे समजावून सांगावे, ही विनंती. सहलीहून येताना मुलांनी पिशव्या रिकाम्या आणाव्यात आणि वह्या भरलेल्या.