मोझरीवरून जाणारा ताळेबंद

गुरुकुंज मोझरीवरून जाणाऱ्या चौपदरी रस्त्याला इकडची माणसं सरळ ‘नागपूर रोड’ म्हणतात. सरकारदरबारी तो आधी राष्ट्रीय महामार्ग 6 होता, आता 53 आहे. शेअर बाजाराच्या कागदांवर मात्र तळेगाव ते अमरावती हा 66.7 किलोमीटरचा तुकडा म्हणजे एक स्वतंत्र कंपनी आहे : आयआरबी तळेगाव अमरावती टोलवे.

आयआरबी मूळची डोंबिवलीच्या दत्तात्रय म्हैसकरांची. आयडियल रोड बिल्डर्स या नावानं ठेकेदारी करत वाढलेली. 2004 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पंधरा वर्षांच्या टोलसाठी तिनं 918 कोटी रुपये एकरकमी मोजले, तेव्हा हे नाव महाराष्ट्रभर झालं. 2008 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. तिचा वार्षिक अहवाल उघडला की कामगिरी विभागवार मांडलेली दिसते : एकीकडे बांधकाम, दुसरीकडे ‘बांधा-वापरा-हस्तांतरित करा’ तत्त्वावरचे टोलरस्ते आणि अलीकडच्या वर्षांत इन्व्हिट, म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या गुंतवणूक निधीशी निगडित मालमत्ता. वाचणाऱ्याला वाटतं, हे तीन वेगळे धंदे. प्रत्यक्षात ही एकाच रस्त्याची तीन वयं आहेत, आणि मोझरीच्या रस्त्यानं ती तिन्ही पाहिली.

2010 मध्ये बावीस वर्षांचा करार सुरू झाला. रुंदीकरण चाललं तोवर हा रस्ता बांधकाम विभागाची मिळकत होता. 2013 मध्ये टोल सुरू झाला आणि तो टोल विभागात गेला. जमीन नि रस्ता दोन्ही महामार्ग प्राधिकरणाचे. कंपनीची मालमत्ता म्हणजे फक्त टोल घेण्याचा हक्क. करार जसजसा सरतो, तसतशी त्या हक्काची किंमत हिशेबातून थोडीथोडी उतरवली जाते. मग मे 2017 मध्ये आयआरबीनं देशातला पहिला इन्व्हिट बाजारात आणला, 102 रुपयांना एक युनिट. त्यातल्या सहा रस्त्यांत आपला तळेगाव-अमरावती होता. टोल देणाऱ्याला काहीच कळलं नाही. पलीकडे पैशाचा मालक बदलला होता.

म्हणून अशा कंपनीचा सालाचा एकूण नफा बघून टाळ्या वाजवू नयेत. 2023-24 मध्ये आयआरबीचा निव्वळ नफा 606 कोटी होता. पुढच्याच वर्षी तो साडेसहा हजार कोटींच्या घरात गेला. एवढा टोल वाढला? छे. आयआरबीच्या दुसऱ्या, खासगी इन्व्हिटमधल्या गुंतवणुकीचं नव्यानं मूल्य लावलं, त्याचीच ही सूज. रोकड म्हणून त्यातलं हाती फार काही येत नाही. पैसा दिसतो तो बांधकामाच्या बिलांत आणि टोलनाक्यांवर.

आपल्या रस्त्यावरच्या नांदगाव पेठ नाक्याचं गणित साधं आहे. टोलचा दर दर वर्षी 1 एप्रिलला बदलतो : ठरलेली 3 टक्के वाढ, अधिक घाऊक महागाईच्या 40 टक्के. उरलं वाहनांच्या संख्येवर. मोझरीचा माणूस जिल्ह्याच्या कामाला अमरावतीला निघाला की त्याला हा नाका चुकत नाही. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी गाड्यांना 3000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, त्यामुळे रोजच्या माणसाला थोडा दिलासा मिळाला. मालट्रकला ती सोय नाही, आणि नाक्याची मोठी कमाई ट्रकचीच. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तो याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडून जातो. मुंबईकडे जाणारी गाडी तिकडून गेली तर इथली पावती बुडाली.

अमरावतीच्या पश्चिमेला हाच महामार्ग वेगळी कथा सांगतो. तिथलं काम आयएल अँड एफएसकडे होतं. 2018 मध्ये तो समूहच कोसळला आणि अकोल्याचा प्रवास वर्षानुवर्षं खड्ड्यांतून झाला. मग पुण्याच्या राजपथ इन्फ्राकॉननं लोणी ते माना हा पट्टा जून 2022 मध्ये घेतला. 3 तारखेला सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी पेव्हर सुरू झाले, ते 7 तारखेला संध्याकाळी 5 ला थांबले. 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर एकपदरी डांबरीकरण. 2019 चा दोह्याचा विक्रम 25 किलोमीटरच्या आसपास होता. गिनीजनं नोंद घेतली. गरम डांबरमिश्रणाचे डंपर एकामागून एक पोचले नाहीत तर पेव्हर थांबतो आणि तिथं सांधा पडतो, हे ज्यानं रस्त्याचं काम जवळून पाहिलंय त्याला या आकड्याची खरी किंमत कळेल. जूनमधलं वऱ्हाडचं ऊन वेगळंच. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत श्रमसंपत्ती नावाचा अध्यायच आहे; कंपन्यांच्या ताळेबंदात मात्र हा श्रम खर्चाच्या बाजूला बसतो.

टोलरस्ता कंपनीकडे कायमचा राहत नाही. 2022 मध्ये आयआरबीच्या इन्व्हिटमधल्या सुरत-दहिसर आणि भरूच-सुरत या लगतच्या रस्त्यांचे करार संपले, निधीचं उत्पन्न घसरलं, आणि त्याच वर्षी त्यानं वडोदरा-कीम हा रस्ता घेतला. तिथं टोल सरकारचा, निधीला ठरलेले हप्ते. गाड्या कमी आल्या तरी फरक नाही. मोझरीच्या रस्त्याचा करार मूळ मुदतीप्रमाणे 2032 च्या सुमारास सरेल.